चंदीची वेळ

डॉक्टरताई गवताची पेंढी वजनकाट्याच्या आकड्याला अडकवतात, हात उंच धरतात आणि काटा स्थिर होण्याची वाट पाहतात.

"मामा, दोन किलोची पेंढी म्हणून विकतोय ना तो तुम्हाला? ही पावणेदोनसुद्धा भरत नाही."

मामा वाकून काटा बघतात. "म्हंजे पेंढ्या मोजायच्या नाय, वजन मोजायचं. कळलं मना."

रोडपालीत सिडकोच्या इमारतींची रांग संपते आणि खाडीकडचा मोकळा भाग सुरू होतो, तिथे मामांचा हा पत्र्याचा तबेला आहे. दुपारचे साडेतीन वाजताहेत. कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे वळणाऱ्या ट्रकांची घरघर थांबत नाही आणि तळोज्याकडून वारा आला की त्याला रसायनांचा उग्र वास येतो. आत वरातीच्या दोन घोड्या आहेत आणि एक म्हातारा घोडा. माघ चालू आहे, लग्नाच्या तिथी लागोपाठ आहेत. आज संध्याकाळी पांढरी वरातीला जायची आहे, म्हणून डॉक्टरताई मुद्दाम आल्या आहेत.

पांढरी नुकरी आहे. पांढरे केस, खाली गुलाबी कातडी. नवरदेवांकडून सगळ्यात जास्त मागणी असते ती अशाच घोडीला. दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत मामांनी ती घेतली. विकायला आणलेलं जनावर झळकावं, नाचावं म्हणून बाजाराआधी त्याला चंदी, म्हणजे दाणा, भरपूर चारतात. रोडपालीत आल्यावर चंदी कमी व्हायला हवी होती, पण लग्नसराई तोंडावर आल्यामुळे उलट वाढली. मग घोडी दारावर लाथा मारू लागली, नालबंदाला पाय धरू देईना, पहिल्याच वरातीत दोन पायांवर उभी राहिली. खोडीची निघाली, असं सगळ्यांचं मत झालं आणि तिच्यासाठी कडक, काटेरी लगाम विकत आणला गेला. तो लगाम आत्ता माझ्यासमोर खिळ्याला लटकतो आहे, एकदाही न वापरलेला. त्याच्याऐवजी तबेल्यात वजनकाटा आला. मला यापेक्षा मोठी गोष्ट या छपराखाली दिसत नाही.

डॉक्टरताई पिशवीतून शिंप्याची टेप काढतात. घोडीच्या पुढच्या पायांमागून छातीचा घेर घेतात: 165 सेंटिमीटर. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी: 150. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,877, आलं किलोतलं वजन. मोबाइलवर आकडा येतो 344. दोन माणसं, एक टेप, एवढ्यात होणारं हे काम किती तबेल्यांत होतं, हा प्रश्न मला घोडी बघताना सारखा पडतो. वजनच माहीत नसेल तर किती घालायचं ते कशावरून ठरवणार?

भिंतीवर खडूने दोन रकाने आहेत. डावीकडे जुना खुराक: दीड किलो मक्याचा भरडा, दोन किलो भिजवलेले हरभरे, अर्धा किलो गव्हाचा कोंडा, वर गुळाचा खडा. हे सगळं सकाळ-संध्याकाळ दोन तोबऱ्यांत. गवत तीन किलो, तेही उरलं तर. डॉक्टरताई त्या रकान्यावर बोट ठेवून मला हिशेब सांगतात. मक्यात वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश स्टार्च, हरभऱ्यात साधारण 40 टक्के. कोंडा-गूळ सोडला तरी दिवसाला 1 किलो 800 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका तोबऱ्यात 900 ग्रॅम. घोड्याला एका वेळेला दर किलो वजनामागे 1 ग्रॅम स्टार्चपर्यंत ठेवणं सुरक्षित; 2 ग्रॅमच्या पुढे गेलं की धोका. म्हणजे हिला 344 ग्रॅमपर्यंत ठीक. मिळत होते 900.

"लहान आतड्यात एवढं स्टार्च पचवायची सोयच नसते घोड्याला," त्या म्हणतात. "त्यातून मका कच्चा. ओटचं स्टार्च तिथे बहुतेक सगळं पचतं, पण कच्च्या मक्याचं बरंचसं तसंच पुढे मोठ्या आतड्यात जातं. तिथले जंतू असतात गवत आंबवणारे. त्यांच्यावर हे धान्य येऊन पडलं की दुसरेच जंतू माजतात, आम्ल वाढतं. मग पोटात कळा, पातळ लीद, कधी खुरांत दाह होऊन जनावर लंगडं. आणि हे सगळं दिसायच्या आधी काय दिसतं? बिनसलेलं जनावर. एका जागी ठरत नाही, हात लावू देत नाही. वर रक्तातली साखर भराभर चढते, भराभर उतरते. आपण म्हणतो, घोडी माजली."

उजव्या रकान्यात आता चालू असलेला खुराक आहे. सुकं गवत सहा किलो, दिवसरात्र विभागून. वाळवलेला लसूणघास दीड किलो. चंदी फक्त एक किलो, अर्धे हरभरे आणि अर्धे शिजवलेले जव, तीही तीन वेळांत. मीठ, खनिज मिश्रण. आणि थेंबाथेंबाने वाढवत नेलेलं तेल, आता 100 मिलीलिटरवर आलेलं. हा बदल एका दिवसात केलेला नाही. आतड्यातल्या जंतूंना नव्या खाण्याशी जुळवून घ्यायला दहा-पंधरा दिवस लागतात, म्हणून रोज एक मूठ मका कमी, थोडं गवत जास्त, अशा चालीने इथवर आलं आहे.

तेलाबद्दल मामांना अजून नवल वाटतं. अंगात जोर तर हवा, पण डोकं तापायला नको, हे दोन्ही एका वस्तूने कसं होतं? डॉक्टरताई सांगतात की तेलात वजनाला धान्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते, पण ती साखरेसारखी एकदम रक्तात उसळत नाही. 1996 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात संशोधकांनी घोड्यांच्या खुराकात मक्याचं तेल आणि सोया लेसिथिन मिसळून पाहिलं. मोठा आवाज झाला, डोळ्यांसमोर काही अचानक आलं, तर ते घोडे आधीपेक्षा कमी दचकत होते. वरातीच्या घोडीला दुसरं काय पाहिजे असतं?

मामा चंदीची रिकामी पाटी बाजूला सारतात आणि गवत टाकतात; चंदी द्यायची असली तरी आधी गवतच. हाही नवा नियम. पांढरी मान खाली घालते आणि तबेल्यात चघळण्याचा संथ, कोरडा आवाज सुरू होतो. तो ऐकत उभं राहावंसं वाटतं. एक किलो सुकं गवत खायला घोड्याला जवळजवळ 40 मिनिटं लागतात, तीन हजारांहून जास्त वेळा जबडा हलतो. एक किलो धान्य दहा मिनिटांत संपतं. आणि घोड्याची लाळ माणसासारखी नुसत्या वासाने सुटत नाही, जबडा हलतो तेव्हाच सुटते. त्याच्या जठरात मात्र आम्ल चोवीस तास झिरपत असतं, पोट भरलेलं असो की रिकामं. मोकळ्या रानात तो दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो, लाळ गिळत राहतो, आम्ल शमत राहतं. आपण त्याला दोन तोबरे देऊन उरलेला दिवस भिंतीकडे तोंड करून बांधतो.

शेजारची कुमैत घोडी त्याच भिंतीचा पुरावा आहे. तिच्या गव्हाणीचा लाकडी काठ कुरतडून अर्धा झाला आहे. आत्ताही ती वरचे दात काठावर टेकवते, मान ताणते आणि घशातून 'हुक्' असा आवाज काढत हवा ओढते. पुन्हा. पुन्हा. 1995 मध्ये पॉल मॅकग्रीव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या शर्यतीच्या तबेल्यांची पाहणी छापली. दिवसाला 6.8 किलोपेक्षा कमी गवत-वैरण मिळणाऱ्या घोड्यांत अशा सवयींचा धोका वाढलेला दिसला. एकदा जडलेली ही सवय सहसा जात नाही. गवत वाढवून ती कमी होईल एवढीच आशा.

मामा तिच्या पाठीवर खोगीर टाकून दाखवतात. तंग आवळायला घेतात तोच ती कान मागे पाडते आणि दात काढून वळते. शेजारी उभे असलेले मोतद्दार चाचा झटकन बाजूला होतात. 

"ही शिस्तीची गोष्ट नाही, मामा," डॉक्टरताई म्हणतात. "तंग ओढला की चावते, चंदी अर्धी टाकते, दात खाते. जठरात व्रण असू शकतात. नळीची दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय नक्की कळणार नाही, पण आजपासून हिचा मका पूर्ण बंद. काम असो-नसो, पुढ्यात गवत. बाहेर काढायच्या आधी दोन मुठी लसूणघास. त्यातल्या कॅल्शियमने आम्ल जरा मारलं जातं, आणि पोटात काही असलं की चालताना आम्ल वर उसळत नाही."

"आणि तोवर?"

"तोवर हिला लग्नाला न्यायचं नाही."

मामा काही क्षण बोलत नाहीत. लग्नसराईत एक घोडी बसून राहणं म्हणजे काय, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मग ते खोगीर उतरवतात.

चाचा इथे घोड्यांची निगा राखतात. त्यांचं तरुणपण मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाड्यांवर गेलं. 2015 मध्ये उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदा ठरवल्या आणि काही काळाने ते खाडीपलीकडे इकडे आले. खरारा करता करता ते बोलतात. "तिकडे तोबरा म्हणजे गळ्यातच असायचा, बाई. सवारी उतरली की तोबरा, सवारी आली की काढ. गवत कुठं मुंबईत? पण एक माहीत होतं आम्हाला. घोडा दोन दिवस उभा राहिला तर चंदी निम्मी करायची. नाय केली तर तिसऱ्या दिवशी गाडीला जुंपल्या जुंपल्या पाठ लाकडासारखी. घाम फुटतो, पाऊल उचलत नाय, लघवी कॉफीसारखी काळी."

डॉक्टरताई मान डोलावतात. युरोपात ओढकामाच्या घोड्यांना रविवारची सुटी आणि पूर्ण चंदी मिळायची, आणि सोमवारी सकाळी नेमकं हेच व्हायचं. स्नायू आतून मोडतात, त्यांचा रंग लघवीत उतरतो. वरातीच्या घोडीचा रविवार चार महिन्यांचा असतो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत ती छपराखाली उभी, बाहेर कोकणचा पाऊस. त्या दिवसांत चंदी जवळजवळ बंद आणि गवत पोटभर, एवढं पाळलं तरी कार्तिकात निम्म्या तक्रारी येणार नाहीत, असं त्या ठामपणे सांगतात.

पावसाळ्याचं गवत हा इकडच्या भागाचा जुना घोर आहे. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणा-गवत आत्ताच उधळाल तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, रयतेला त्रास होईल, गवताच्या गंजींना आगीपासून जपा, असा त्याचा आशय. एवढं राज्य उभं करणारा माणूस पेंढ्यांचा हिशेब करतो आहे, हे वाचताना मला दरवेळी भरून येतं. घोडदळ तलवारीवर चालत नाही, गंजीवर चालतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

डॉक्टरताई आता कोपऱ्यातल्या पोत्यांकडे वळतात. मक्याच्या पोत्यात हात खुपसतात, मूठ बाहेर काढून हुंगतात आणि माझ्यापुढे धरतात. दमट, बुरसट वास. खाडीकाठच्या हवेत धान्य असंच होतं. "हे कोणालाच घालायचं नाही. कोंबड्यांनाही नाही," त्या म्हणतात, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढतो. मक्यावरच्या एका बुरशीचं विष घोड्याच्या मेंदूवर जातं. जनावर निरुद्देश फिरू लागतं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं, त्याला दिसेनासं होतं, आणि ते मरतं. तेव्हाही आजूबाजूचे लोक म्हणतात, वेडं झालं. चाचा पोतं ओढत बाहेर नेतात. पैसे गेले म्हणून कोणी हळहळत नाही, हे मी पाहते.

राहिला म्हातारा घोडा. कोपऱ्यात खाली मान घालून उभा आहे. मुलं त्याच्या पोटाखालून जातात, तो हलत नाही. त्याला इथे येऊन आठवडाच झाला. काम झेपत नाही म्हणून कोणीतरी काढून टाकलेला, मामांनी ठेवून घेतला. "हा बघा किती शांत," मी म्हणते. डॉक्टरताई त्याच्या बरगड्यांवरून तळहात फिरवतात आणि माझा हात धरून तिथे ठेवतात. एकेक बरगडी बोटांना लागते. पाठीचा कणा वर आलेला, मानेखाली खळगा.

"हा शांत नाही. याच्यात काही उरलेलं नाही. नवरदेवाला बसवायला असे घोडे सोयीचे पडतात, म्हणून काही ठिकाणी मुद्दाम अर्धपोटी ठेवतात. फटाका फुटला तरी हलत नाहीत. लोक कौतुक करतात."

हे ऐकल्यावर मी आजवर पाहिलेल्या कितीतरी वराती डोळ्यांपुढून जातात, आणि त्यांतले ते निमूट घोडे. नाचणारी घोडी माजलेली आणि उभा घोडा गुणी, असं आपण रस्त्यावरून ठरवून टाकतो. दोघांच्या गव्हाणीत काय आहे ते कोणी वाकून बघत नाही. या अन्यायाची चीड यायला हवी, आणि मला ती येते आहे.

म्हाताऱ्याचे दात झिजून तिरके झाले आहेत; गवताचे अर्धवट चावलेले बोळे त्याच्या पायाशी पडलेले दिसतात. त्याला सुकं गवत बारीक कापून, भिजवून द्यायचं, दात कानशीने घासून घ्यायचे. एकदम भरपूर चंदी अजिबात नाही. उपाशी राहिलेल्या जनावराला दया येऊन धान्य ओतलं तर त्यानेच ते दगावू शकतं. घोड्याला उलटी होत नाही. जे आत गेलं ते त्याला सोसावंच लागतं.

साडेपाच. पांढरीची शेवटची चंदी दुपारी दोनला झालेली आहे, ती मुद्दामच. चंदी आणि काम यांत तीन तास तरी जायला हवेत. आता तिला बादलीभर पाणी, मग दोन मुठी लसूणघास. ती खात असताना चाचा जरीची झूल चढवतात, कपाळावर कलगी बांधतात. तंग आवळताना ती एकदा शेपटी झटकते, बस.

वरात कळंबोलीच्या एका गल्लीतून निघते. ब्रास बँड, पुढे ट्रॉलीवर स्पीकर, पोरं नाचताहेत. मी डॉक्टरताईंबरोबर कडेने चालते. फटाक्यांची पहिली माळ लागते आणि पांढरी खाडकन थांबते. कान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, मागचे पाय पोटाखाली ओढलेले. नवरदेव खोगिराचा पुढचा भाग घट्ट धरतो. चाचा लगाम ओढत नाहीत, सैल सोडून तिच्या मानेवर हात ठेवतात. ती एकदा गोल फिरते, फुरफुरते, आणि पुन्हा पाऊल टाकते. 

"भीती जाणार नाही," डॉक्टरताई माझ्या कानाशी ओरडून सांगतात, कारण स्पीकरपुढे दुसरा इलाज नाही. "घोडा आहे तो, पळण्यासाठी घडलेला. खुराकाने एवढंच झालं, की घाबरली तरी परत खाली येते. पूर्वी चढली की चढलेलीच राहायची."

दुसऱ्या माळेला ती पुन्हा दचकते. तेव्हा मामा पुढे होऊन नवरदेवाच्या काकांना काहीतरी सांगतात, आणि फटाकेवाली पोरं पन्नास पावलं पुढे पाठवली जातात. आहाराने जे होत नाही ते असं करावं लागतं.

हॉलच्या दाराशी ओवाळणी होते. एक आजी ताटातून जिलेबीचा मोठा तुकडा उचलून घोडीच्या तोंडापाशी नेतात. मामा मधे हात घालतात.

"आजी, पाया पडतो, गोड नको तिला. तुमचा आशीर्वाद द्याचा तर हे द्या." खिशातून ते लसूणघासाची जुडी काढतात. आजी आधी गोंधळतात, मग जुडी घेतात, घोडीच्या कपाळाला हळद-कुंकू लावतात आणि घास भरवतात. पांढरी तो मन लावून चावते.

नवरदेव उतरतो. मामांचा फोन वाजतो. पुढच्या रविवारचं बोलणं चालू आहे, पनवेलचं कोणीतरी. दोन घोड्या हव्यात.

"एकच हाय," मामा सांगतात. "दुसरी दवापाण्यावर. हां, पांढरीच येल. दोन तासांच्या वर नाय. आणि मधे अर्धा तास घोडी गवत खाईल, तेवढा बँड लांब थांबवायचा. चालत असेल तर सांगा." पलीकडून काहीतरी बोललं जातं. मामा ऐकतात, आणि पैशाचा विषय निघण्याआधी गवताची अट दुसऱ्यांदा सांगतात.